मंजुरी म्हणजे साक्ष

"काका, आमची लिंक तुम्ही पाडलीत."

फोन उचलल्यावर पहिलं वाक्य हेच. मुलगा आमच्या जुन्या वाड्यातला. शाळेत असताना सुट्टीत दुपारभर माझ्या संगणकावर गेम खेळत बसायचा. आता पुण्यात एका कंपनीत आहे. परदेशी वाचकांसाठी इंग्रजीत गेमिंगच्या बातम्या लिहितो, दिवसाला आठ. मी गेली काही वर्षं रात्री जेवणानंतर तास-दीड तास ज्या संकेतस्थळासाठी देतो, तिथे बातम्या वाचकच आणतात आणि वाचकच मंजूर करतात. पगारी संपादक कुणी नाही. आलेली लिंक रांगेत थांबते. पुरेशा लोकांनी होकार दिला की पानावर चढते, पुरेशांनी हरकत घेतली की पडते. हरकत घेणाऱ्याचं नाव आणि त्याने दिलेलं कारण सगळ्यांना दिसतं. त्याची लिंक पडली होती आणि हरकतींत एक माझी होती. लिहिणारा तो आहे हे मला फोन आल्यावर कळलं.

मथळा असा होता : 'जीटीए सिक्सच्या तारखेबद्दल रॉकस्टारने अखेर मौन सोडलं?' शेवटी प्रश्नचिन्ह. आत सातशे शब्द. सुरुवात २०१३ साली रॉकस्टार कंपनीचा जीटीए फाइव्ह हा खेळ आला तिथपासून. मग मागचे सगळे भाग, मग ट्रेलरची उजळणी. सहाव्या परिच्छेदात कुणा चाहत्याने कंपनीच्या एका चित्रातल्या चंद्राच्या कलेवरून बांधलेला अंदाज. अगदी तळाला, दोन जाहिरातींच्या मध्ये, एक ओळ : कंपनीने अधिकृतपणे काही सांगितलेलं नाही. म्हणजे मथळ्यातल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं होतं, आणि ते लिहिणाऱ्याला लिहायला बसण्यापूर्वीच ठाऊक होतं.

तो अर्धा तास बोलला. उर्मटपणे नाही, दुखावला गेला होता. त्याचं म्हणणं असं : लोक क्लिक करतात म्हणजे त्यांना ते हवं असतं. मग अडवणारे तुम्ही कोण? नको असेल तर लोक मत देणार नाहीत, आपोआप खाली जाईल. तुमच्या नियमांनी मोठ्यांचं काही बिघडत नाही, आमच्यासारख्या लहानांची मात्र गळचेपी होते. आणि शेवटी, काका, गेमच्या तर बातम्या आहेत, एवढं काय त्यात? फोनवर माझ्याकडून धड उत्तर दिलं गेलं नाही. हेच मुद्दे मी एरवी माझ्याहून जाणत्या माणसांकडूनही ऐकतो, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

लोक क्लिक करतात, म्हणजे त्यांना हवं असतं, हे म्हणणं वरवर लोकशाहीचं वाटतं. पण क्लिक होतं ते वाचण्याआधी. हापूसची पेटी घेणारा वरचा थर बघून पैसे मोजतो; खाली काय निघालं ते घरी गेल्यावर कळतं. त्याने पैसे दिले म्हणजे त्याला खालचे डागी आंबे हवे होते, असं कुणी म्हणणार नाही. क्लिकने मोजलं जातं ते कुतूहल. समाधान मोजायला दुसरं माप लागतं, आणि ते माप या धंद्यात कुणी लावत नाही, कारण जाहिरातीचे पैसे पान उघडण्यावर आणि त्यावर किती वेळ खिळवून ठेवलं यावर मिळतात. त्यामुळे बातमीची रचनाच उलटी होते. बातमीदारीचा पहिला धडा म्हणजे मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात सांगा. इथे मुख्य गोष्ट जितकी खाली ढकलता येईल तितकी ढकलायची, म्हणजे वाटेत चार जाहिराती जास्त दिसतात. वाचकाला जे हवं आहे ते मुद्दाम त्याच्यापासून दूर ठेवण्यावर हा व्यवहार उभा आहे. त्याला वाचकसेवा म्हणणं मला मान्य नाही.

जीटीए सिक्सचंच बघा. या खेळाच्या तारखेबद्दल खऱ्या बातम्या किती झाल्या? डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्या ट्रेलरने २०२५ हे साल दिलं. मे २०२४ मध्ये मालक कंपनी टेक-टूने ते त्या वर्षाच्या शरद ऋतूवर आणलं. मे २०२५ मध्ये रॉकस्टारने २६ मे २०२६ ही तारीख जाहीर केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती पुढे ढकलून १९ नोव्हेंबर २०२६ केली. दोन वर्षांत चार बातम्या. एका हाताची बोटंसुद्धा पुरून उरतात. आणि त्याच दोन वर्षांत रांगेत असा आठवडा मी पाहिला नाही की 'तारीख फुटली', 'कर्मचाऱ्याने चुकून सांगितलं', 'चाहत्यांनी कोडं सोडवलं' अशी एखादी लिंक नव्हती. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशातली गत. फरक इतकाच की इथे त्या भांडणाची तिकिटं विकली जातात.

याच्या नेमकी उलट गोष्ट मी पाहिली आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. 'हॉलो नाइट : सिल्कसाँग' हा खेळ ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरी या अगदी छोट्या चमूने फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केला. तो आला ४ सप्टेंबर २०२५ ला. मधली साडेसहा वर्षं चाहते ताटकळले. त्या काळात यूट्यूबवर 'डेली सिल्कसाँग न्यूज' नावाचं एक चॅनल चालू होतं. त्याचा चालक रोज येऊन सांगायचा की आज काही बातमी नाही. काही असेल त्या दिवशी ती सांगायचा, नसेल त्या दिवशी 'नाही' म्हणायचा. बहुतेक दिवस 'नाही'चेच. तरी लोक यायचे, वर्षानुवर्षं यायचे. 'आज बातमी नाही' हे ऐकायला लोक तयार नसतात, म्हणून आम्हाला काहीतरी रचावं लागतं, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे उदाहरण देतो. लोक 'नाही' ऐकून घेतात. सांगणाऱ्यावर विश्वास हवा.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर लांब जायला नको. 'फ्री फायर मॅक्स'चे आजचे रिडीम कोड अशी बातमी मराठी वृत्तसंकेतस्थळांवरसुद्धा दिसते. अक्षरं आणि आकड्यांची एक यादी, वर 'मोफत डायमंड मिळवा'. हे कोड ठरावीक प्रदेशासाठी असतात, थोड्या काळासाठी चालतात, आणि गेममध्ये पाहुणा म्हणून खेळणाऱ्याला वापरताच येत नाहीत. यादी देणाऱ्याने त्यातला एकही कोड स्वतः टाकून पाहिलेला असेल, असं त्या यादीत कुठे दिसत नाही. आणि वाचणारं कोण? नववी-दहावीतलं पोर. एक कोड चालत नाही म्हणून ते दुसरी लिंक उघडतं, मग तिसरी, आणि चौथी लिंक त्याच्याकडे खात्याचा पासवर्ड मागते. बीजीएमआय या मोबाइलवरच्या खेळाच्या वेळीही हेच झालं. जुलै २०२२ च्या अखेरीस तो खेळ गूगल आणि अ‍ॅपलच्या दुकानांतून उतरवला गेला आणि मे २०२३ च्या अखेरीस परत आला. मधले दहा महिने 'या आठवड्यात बंदी उठणार' हा मथळा थांबला नाही. या खेळाच्या स्पर्धांवर घर चालवणारी मुलं होती. ती रोज तो मथळा उघडत होती. त्यांचं ते क्लिक म्हणजे 'आम्हाला हेच हवं होतं' असा कौल मानायचा का?

आता मतदानाचा मुद्दा. सगळं मतांवर सोडा, वाईट ते आपोआप बुडेल. हा प्रयोग होऊन गेला आहे आणि त्याचा निकालही लागला आहे.

डिग हे संकेतस्थळ २००४ च्या अखेरीस सुरू झालं. वाचकांनी बातम्या आणायच्या, आवडली तर वर ढकलायची, नको असेल तर 'बरी' म्हणजे 'गाडा' हे बटण दाबायचं. काही वर्षं त्याच्या पहिल्या पानावर लिंक लागली की पलीकडचं संकेतस्थळ गर्दीने कोसळायचं, इतकी त्याची ताकद. ऑगस्ट २०१० मध्ये त्यांनी चौथी आवृत्ती आणली. तिच्यात 'गाडा' बटण काढून टाकलं, आणि प्रकाशकांना आपल्या बातम्या यंत्राकरवी परस्पर पाठवायची मुभा दिली. म्हणजे आणणाऱ्याला दार सताड उघडं, आणि 'हे नको' म्हणण्याचा वाचकाचा अधिकार गेला. वाचक चिडले. त्यांनी पहिलं पान रेडिट या अशाच दुसऱ्या संकेतस्थळाच्या लिंकांनी भरून टाकलं आणि मग मोठ्या संख्येने तिकडेच निघून गेले. जुलै २०१२ मध्ये डिगचं नाव आणि संकेतस्थळ बेटावर्क्स या कंपनीने घेतलं तेव्हा बातम्यांत आलेली किंमत होती ५ लाख डॉलर. डिगच्या पडझडीला आणखीही कारणं होती, हे मी नाकारत नाही. पण 'नाही' म्हणायची सोय काढल्यावर सामुदायिक पानाचं काय होतं, हे चौथी आवृत्ती आल्यावर महिन्याभरात सगळ्यांनी पाहिलं.

मतदान मला अमान्य नाही. मत सांगतं ते मला आवडलं की नाही, एवढंच. ही गोष्ट खरी आहे का, मूळ कुठली आहे, मथळ्यात दिलेलं वचन आत पाळलंय का, हे मताने कळत नाही. कित्येक मतं तर मथळा वाचूनच पडतात. मंजुरी ही वेगळी गोष्ट आहे. मंजुरी म्हणजे साक्ष. मी हे उघडलं, शेवटपर्यंत वाचलं, आणि मथळा म्हणतो ते आत आहे असं मी सांगतो. न वाचता मंजूर करणारा माणूस न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देतो. माझा सगळा वाद या एका मुद्द्यावर उभा आहे.

आणि जिथे कुणीच वाचत नाही तिथे काय होतं, हे जुलै २०२३ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या खेळाडूंनी दाखवून दिलं. त्यांच्या रेडिटवरच्या गप्पा उचलून यंत्राकरवी बातम्या बनवणारं एक संकेतस्थळ आहे, अशी त्यांना शंका होती. त्यांच्यातल्या एकाने 'ग्लॉर्बो' नावाची नवीन गोष्ट खेळात येणार म्हणून आनंद व्यक्त करणारी पोस्ट टाकली. ग्लॉर्बो असं काही नव्हतंच. इतरांनी साथ दिली, ग्लॉर्बोच्या जुन्या आठवणी लिहिल्या. यंत्राने चालणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाने यावर लेख छापावा एवढीच आपली इच्छा आहे, असंही त्या पोस्टमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. थोड्याच वेळात ग्लॉर्बोच्या आगमनाने खेळाडू आनंदित झाल्याची बातमी लागली, आणि ती इच्छा बोलून दाखवणारं वाक्यसुद्धा तिच्यात अवतरण म्हणून आलं. एका माणसाने ते वाक्य एकदा वाचलं असतं तरी बातमी तिथेच थांबली असती. ज्या वाचकांना 'फक्त क्लिक करणारे' म्हणून हिणवलं जातं, त्यांनीच हे उघडं पाडलं, हे मला विशेष सांगावंसं वाटतं.

लहानांच्या गळचेपीचा मुद्दा मात्र सगळ्यात गंभीर आहे, आणि तो मी झटकून टाकणार नाही. नाव बघून बंदी घालण्याची सवय वाईट आहे. जून २०१२ मध्ये रेडिटने काही संकेतस्थळांच्या लिंका सरसकट बंद केल्या. त्यांत १८५७ पासून निघणारं 'द अटलांटिक' होतं, 'बिझनेसवीक' होतं, विज्ञानाच्या बातम्या देणारं 'फिजऑर्ग' होतं. कारण होतं लिंका टाकण्यातली आणि मतांमधली लबाडी. पण शिक्षा बसली ती त्या नियतकालिकांतल्या प्रामाणिक लेखांनाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. नियम कृत्यावर हवा, नावावर नको.

पण कुठल्या नियमाने लहान माणूस वाचतो, याचाही विचार करू. आमच्याकडचा सगळ्यात जुना आणि सगळ्यांत जास्त शिव्या खाणारा नियम आहे : मूळ बातमी द्या. कुणीतरी एक माणूस, बहुधा लहान ठिकाणी, खेळ बनवणाऱ्यांशी तासभर बोलतो. तीन हजार शब्दांची मुलाखत छापतो. दोन तासांत तिच्यातलं एक वाक्य उचलून मोठ्या संकेतस्थळांवर दहा लेख होतात. प्रत्येकात दोनशे शब्द, मुलाखतीची लिंक तळाला बारीक अक्षरांत, मथळा मात्र मुळापेक्षा भडक. मुलाखतीत निर्मात्याने म्हटलेलं असतं की पुढच्या भागाचा विचार केला होता, पण सध्या वेळ नाही. सारांशाचा मथळा होतो 'पुढच्या भागाबद्दल निर्मात्याचा मोठा खुलासा'. दहाच्या दहा लिंका रांगेत येतात. मूळ मुलाखत अकरावी येते, कारण तिच्या लेखकाकडे लिंका टाकत बसायला माणसं नाहीत. 'मूळ बातमी द्या' हा नियम काढला तर सगळ्यांत आधी मरतो तो हा अकरावा. उलट बोंब मारणाऱ्यांत मी बहुतेकदा त्या दहांचे प्रतिनिधी पाहिले आहेत, आणि त्यांच्यामागे बहुधा मोठ्या कंपन्या असतात.

राहिला 'सेन्सॉरशिप'चा आरोप. लिंक पाडल्याने लेख नाहीसा होत नाही. तो जिथे आहे तिथे राहतो, शोधणाऱ्याला सापडतो. आम्ही त्यावर आमचं नाव घालायला नकार देतो, इतकंच.

आणि गेमच्या तर बातम्या आहेत, याचं उत्तर मी एका बातमीने देतो. ऑगस्ट २०१८ मध्ये कोटाकू या गेमिंगच्या संकेतस्थळावर सेसिलिया डिअनास्टासिओ यांचा एक दीर्घ लेख आला. 'लीग ऑफ लेजंड्स' बनवणाऱ्या रायट गेम्समध्ये स्त्रियांना कसं वागवलं जातं, याबद्दल. त्यासाठी त्या २८ आजी-माजी कर्मचाऱ्यांशी बोलल्या होत्या. मग खटला झाला, सरकारी यंत्रणांनी चौकशी केली, मे २०१९ मध्ये कर्मचारी काम सोडून कचेरीबाहेर उभे राहिले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीने १० कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. ही गेमिंगची बातमी आहे. पान एकच असतं आणि वाचकाची संध्याकाळही एकच असते. ज्या रांगेतून चंद्राच्या कलेवरची बातमी जाते त्याच रांगेतून असा लेखही जातो, आणि चंद्राच्या कलेच्या दहा लिंका वर असल्या की हा लेख दुसऱ्या पानावर पडतो. दुसरं पान फारसं कुणी उघडत नाही.

आता आमच्या बाजूचे दोष. ते लपवून वाद जिंकण्यात अर्थ नाही. मंजुरी देणारे काही साधुसंत नाहीत. प्लेस्टेशनवाले आणि एक्सबॉक्सवाले अशी दोन गावं आमच्यात आहेत आणि त्यांचं वैर जुनं आहे. आपल्या कन्सोलचं कौतुक करणारी फडतूस लिंक डोळे मिटून मंजूर करणारे मी पाहिले आहेत, आणि विरुद्ध बाजूच्या चांगल्या लेखावर 'दर्जा कमी' असा शेरा मारणारेही. क्लिकबेट लिहिणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. 'एक्सबॉक्सचा खेळ संपला का?' हा मथळा बातमीसाठी नसतोच. एका गावाने आनंदाने मंजूर करावं आणि दुसऱ्याने संतापाने चारशे प्रतिक्रिया द्याव्यात, यासाठी तो असतो. वैर आमचं आणि कमाई त्यांची. मीही एकदा अशी लिंक मंजूर केली होती, माझ्या आवडत्या कंपनीची भलामण करणारी. आतला आकडा दोन वर्षं जुना निघाला. एका अनोळखी वाचकाने माझं नाव घेऊन विचारलं, वाचलं होतं का? नव्हतं वाचलं. तो प्रश्न मला अजून बोचतो आणि बोचायलाच हवा.

म्हणून पहारेकऱ्यांवरही पहारा हवा. स्लॅशडॉटने हे फार पूर्वी ओळखलं होतं. १९९७ साली सुरू झालेल्या या संकेतस्थळावर प्रतिक्रियांना गुण देण्याचा अधिकार कायमचा कुणाच्या हातात नसे. वाचकांतून निवडलेल्यांना मोजके गुण मिळत, ते थोड्याच दिवसांत वापरावे लागत, आणि ज्या चर्चेत आपण बोललो तिथे ते वापरता येत नसत. पुढे या गुण देणाऱ्यांचं काम तपासण्याची जबाबदारीही इतर वाचकांवरच दिली गेली. इंग्रजी विकिपीडियावर गेमविषयक लेख लिहिणाऱ्यांनी तर कुठलं संकेतस्थळ विश्वासार्ह, कुठलं परिस्थितीनुसार, कुठलं नाही, याची यादीच ठेवली आहे, आणि प्रत्येक नावामागची चर्चा कुणालाही वाचता येते. नाव यादीत चढतं, उतरतं, मालक बदलला की पुन्हा चर्चा होते. मला ही पद्धत पटते कारण तिच्यात 'आमची मर्जी' हे कारण चालत नाही. हरकत घ्यायची तर कारण लिहायचं, स्वतःच्या नावाने लिहायचं, आणि कुणी उलट विचारलं तर उत्तर द्यायचं. आपल्या नात्यातल्या, ओळखीतल्या, नोकरीतल्या माणसाच्या लिंकवर मत द्यायचं नाही. हे जमत नसेल त्याने रांगेत बसू नये.

त्या मुलाचा एक मुद्दा मी शेवटी ठेवला आहे, कारण त्याने तो फोन ठेवताना, आवाज खाली आणून सांगितला. "मला काय हौस आहे का काका? आठ झाले नाहीत तर महिन्याच्या मीटिंगमध्ये नाव येतं."

हे खरं आहे, आणि फक्त त्याच्याबाबतीत नाही. मार्च २०२४ मध्ये कोटाकूच्या मुख्य संपादक जेन ग्लेनन यांनी राजीनामा दिला, कारण मालक कंपनीला बातम्यांपेक्षा खेळ कसा खेळावा याची मार्गदर्शकं हवी होती, आठवड्याला पन्नास. ज्या ठिकाणाहून रायटची बातमी आली, तिथे. ऑगस्ट २०२४ मध्ये १९९१ पासून चालत आलेलं 'गेम इन्फॉर्मर' हे गेमिंगचं मासिक एका दिवसात बंद झालं आणि जुने लेखही संकेतस्थळावरून गेले. पुढच्या वर्षी नव्या मालकाने ते पुन्हा सुरू केलं. मे २०२५ मध्ये व्हॉक्स कंपनीने 'पॉलिगॉन' हे गेमिंगचं संकेतस्थळ व्हॅलनेट या कंपनीला विकलं आणि तिथल्या अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. चांगलं लिहिणाऱ्यांचीच ही गत आहे तर पुण्यात बसून दिवसाला आठ लिहिणाऱ्या पोराने कुठे जावं, हा प्रश्न मला पडतो आणि त्याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. कोटाकूतून बाहेर पडलेल्या काहींनी नोव्हेंबर २०२३ मध्ये 'आफ्टरमॅथ' सुरू केलं, वाचकांच्या वर्गणीवर, मालकी लिहिणाऱ्यांचीच. एवढ्याने सगळ्यांची पोटं भरणार नाहीत.

पण त्याची अडचण खरी आहे म्हणून त्याची लिंक मंजूर करावी, हे मला पटत नाही. आठाचा आकडा ठरवणारा माणूस आकडे बघूनच ठरवतो. त्या आठांपैकी एकेक लिंक जेव्हा आमच्यासारख्यांच्या पानावर चढते तेव्हा त्याला तो आकडा बरोबर वाटतो आणि पुढच्या महिन्यात तो दहा करतो. मंजुरी देऊन आम्ही त्या मुलावर उपकार करत नसतो. त्याच्या मानेवरचं जोखड आणखी जड करत असतो. चंद्राच्या कलेवरच्या लेखाला कुठेच दार उघडलं नाही, तरच कधीतरी त्या कचेरीत कुणी विचारेल की दुसरं काय लिहिता येईल.

आणि दुसरं काय लिहिता येईल, हे त्याच्याकडे आहे. बोलता बोलता त्याने सांगितलं : बीजीएमआय बंद होता त्या दहा महिन्यांत स्पर्धा खेळणाऱ्या मुलांचं काय झालं, यावर त्याने सुट्टीच्या दिवशी फिरून लिहिलं होतं. कुणी डिलिव्हरीला लागला, कुणी शेतावर परत गेला, एकाने कर्ज काढून घेतलेला फोन विकला. सहा जणांशी तो प्रत्यक्ष बोलला होता. या विषयावर कुणी सर्च करत नाही, म्हणून कंपनीने तो लेख घेतला नाही. दोन वर्षं तो त्याच्या लॅपटॉपमध्ये पडून आहे.

तर बाळा, तो लेख स्वतःच्या नावाने कुठेही प्रसिद्ध कर आणि त्याची लिंक आमच्या रांगेत टाक. मथळा साधा ठेव, त्या सहा जणांनी जे सांगितलं तेवढाच. माझं मत तुला मिळणार नाही, कारण तू ओळखीचा आहेस. बाकीचे वाचतील.